मानेतल्या नसा सगळ्यांच्या सारख्या नसतात, मग ऑपरेशनच्या वेळी काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थायरॉइडचं किंवा मानेतल्या गाठीचं ऑपरेशन सांगितलं की ओपीडीत पेशंट आणि नातेवाईक साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, आणि पोस्टिंगला आलेली इंटर्न मंडळी तेच प्रश्न विचारायला लाजतात. म्हणून दोघांसाठी एकत्रच लिहून टाकलंय. काही उत्तरं लांबलीत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे, काही दोन ओळीत संपलीत.

नस, शीर, रग, सगळं एकच का?

आपल्या बोलण्यात एकच. सलाइन लावायची तीही नस, कंबरेत दबते तीही नस, आणि "मानेची शीर आखडली" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो बिचारा स्नायू असतो. इथे नस म्हणजे फक्त नर्व्ह, शाळेच्या पुस्तकातला चेतातंतू. तिच्यातून रक्त वाहत नाही, मेंदूचे निरोप जातात. दिसायला पांढरट, जराशी चकचकीत, आणि ज्या नसेवरून सगळ्यात जास्त चर्चा होते ती आवाजाची नस साधारण २ मिलिमीटर जाडीची, म्हणजे शिजवलेल्या शेवईएवढी धरा. पुस्तकात ती पिवळ्या रंगात काढलेली असते. आत मात्र थोडं रक्त लागलं की सगळ्याच दोऱ्या सारख्या दिसतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

व्हेरिएशन म्हणजे जन्मजात दोष का? रिपोर्टमध्ये शब्द वाचून घाबरलोय.

घाबरू नका, दोष नाही. नस तिचं काम व्यवस्थित करत असते, फक्त रस्ता वेगळा असतो, किंवा फाटा लवकर फुटलेला असतो, किंवा ती शेजारच्या नसेला जाऊन मिळालेली असते. सातबाऱ्याच्या नकाशात बांध सरळ दिसतो, शेतात उभं राहिलं की कळतं तो आंब्याच्या झाडाला वळसा घालून गेलाय, तसंच. ज्याच्या मानेत हे आहे त्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही आणि लागायची गरजही नसते. गरज पडते ती फक्त तिथे कुणी ब्लेड किंवा सुई घेऊन जाणार असेल तेव्हा.

आवाजाची नस म्हणतात ती नेमकी कुठली?

रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह. रिकरंट म्हणजे माघारी फिरणारी. मेंदूतून व्हेगस नावाची मोठी नस मानेतून खाली छातीकडे जाते, तिची ही फांदी, आणि गंमत म्हणजे ही फांदी स्वरयंत्राच्या शेजारून जाताना तिथे थांबत नाही, खाली जाते, वळसा घालते आणि मग परत वर येऊन स्वरयंत्रात शिरते. उजवीकडे ती हाताला जाणाऱ्या सबक्लेव्हियन आर्टरीखालून वळते, डावीकडे थेट छातीत उतरून एओर्टाच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कमानीखालून. म्हणजे पुण्यात राहणाऱ्या माणसाने शेजारच्या गल्लीत जायला साताऱ्याला जाऊन यावं. जिराफात तर हा फेरा काही मीटरचा होतो.

हिचं काम पहिल्यांदा दाखवलं ते ग्रीक वैद्य गेलनने, दुसऱ्या शतकात, रोममध्ये. ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतली ही नस कापली आणि डुक्कर गप्प झालं, श्वास मात्र चालू. आज हे ऐकवत नाही, पण आवाजावर ताबा मेंदूचा, तोही या दोऱ्यांमार्फत, हे तिथून कळलं.

थायरॉइड ग्रंथी हिच्या अगदी अंगावर बसलेली असते, त्यामुळे थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये निम्मं लक्ष या नसेकडेच असतं.

एवढा फेरा कशाला? सरळ का नाही येत?

आईच्या पोटात असताना आपल्या मानेच्या भागात रक्तवाहिन्यांच्या कमानी असतात, जोडीजोडीने, आणि ही नस सहाव्या कमानीखालून स्वरयंत्रात जाते. तेव्हा ते अंतर जवळचंच असतं. पुढे मान लांबते, हृदय खाली छातीत उतरतं, कमानी त्याच्याबरोबर खाली जातात आणि त्यात अडकलेली नसही ओढली जाते. उजवीकडे पाचवी आणि सहावी कमान विरून जाते म्हणून नस वर सरकून चौथीला अडकते, आणि तीच पुढे सबक्लेव्हियन होते. डावीकडे सहावी कमान जन्मापर्यंत टिकते, म्हणून नस तिथेच, एओर्टाच्या कमानीखाली, अडकलेली राहते.

हे एवढं डोक्यात बसलं ना की पुढचं व्हेरिएशन पाठ करावं लागत नाही, आपोआप सुचतं.

मग नॉन-रिकरंट नस म्हणजे काय?

वरचाच हिशोब पुढे न्या. समजा उजवीकडची ती चौथी कमानही विरून गेली, तर नसेला अडकायला खुंटीच उरली नाही. मग ती खाली जातच नाही, व्हेगसमधून निघून मानेतच आडवी सरळ स्वरयंत्रात शिरते. हीच नॉन-रिकरंट. आणि उजव्या हाताला रक्त तर लागतंच, म्हणून ती आर्टरी एओर्टाच्या पार डाव्या टोकाकडून निघते आणि बहुतेक वेळा अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे येते. म्हणजे नसेचा बदल हा मुळात रक्तवाहिनीचा बदल आहे, नस फक्त त्याच्यामागे गेली.

उजवीकडे हे साधारण ०.५ ते १ टक्का लोकांत असतं, म्हणजे दीडशे-दोनशे माना उघडल्या तर एखाददुसरी. नोंद १८२३ पासूनची आहे, स्टेडमन नावाच्या डॉक्टरची. त्या वाकड्या आर्टरीमुळे काहींना घास अडकल्यासारखं होतं, आणि ते तर त्याच्याही आधी, १७९४ मध्ये बेफर्डने लिहून ठेवलंय. बहुतेकांना मात्र काहीच होत नाही.

आता सर्जनच्या बाजूने बघा. त्याची सवय अशी की थायरॉइडची फाक उचलायची, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या खाचेत खालून वर येणारी नस शोधायची आणि तिला धरून वर जायचं. इथे ती खाचेत नाहीच. तो शोधतोय, सापडत नाही, आणि त्याच वेळी बाजूने आडवी येणारी एक पांढरी दोरी मध्ये मध्ये येतेय, जी बघून वाटतं ही बारीक रक्तवाहिनी असेल किंवा नुसता पडदा असेल, बांधा आणि कापा. जी शोधतोय तीच ती. म्हणून एक सवय शिकवतात, नस दिसेपर्यंत थायरॉइडच्या बाजूला आडवी जाणारी कुठलीही दोरी कापायची नाही. या एका सवयीने किती आवाज वाचले असतील त्याची गणती कुणी ठेवलेली नाही.

सगळ्या नॉन-रिकरंट सारख्याही नसतात. काही वरच्या बाजूने, थायरॉइडच्या वरच्या रक्तवाहिन्यांसोबत येतात, काही मधून आडव्या, काही खालच्या आर्टरीला लागून झोळीसारखा छोटा वळसा घेऊन. ही झोळीवाली सगळ्यात फसवी, कारण वरून बघितलं तर ती नेहमीच्या नसेसारखीच खालून आल्यासारखी वाटते.

डावीकडे असं होत नाही का?

जवळजवळ नाहीच. डावीकडे व्हायचं तर अवयवांची अख्खी आरशातल्यासारखी अदलाबदल हवी, हृदय उजवीकडे वगैरे. असे पेशंट असतात, पण एखादा सर्जन अख्ख्या करिअरमध्ये एकही न बघता रिटायर होऊ शकतो.

हे ऑपरेशनच्या आधी कळू शकतं का? सोनोग्राफी तर केलीच होती.

नस थेट शोधायची तर अवघड, पण आर्टरी दिसते आणि वर सांगितलं तसं आर्टरी दिसली की नस कळली. उजवीकडे गळ्याच्या खाली एक मोठी आर्टरी दोन फाट्यांत फुटताना दिसते, इंग्रजी वाय अक्षर उलटं ठेवल्यासारखी नाही, सरळच वाय, एक फाटा मेंदूकडे एक हाताकडे. सोनोग्राफीवाल्याने प्रोब जरा खाली वाकवून हा फाटा दिसला असं सांगितलं तर नॉन-रिकरंटची शक्यता निकालात निघते. फाटा नसेल तर सावध. सीटी स्कॅन दुसऱ्या कुठल्या कारणाने झाला असेल तर त्यात अन्ननलिकेमागची आर्टरी स्पष्ट दिसते, फक्त ती बघायची आठवण पाहिजे. मी असे सीटी बघितलेत जिथे आर्टरी चक्क दिसतेय आणि रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख नाही, कारण फॉर्मवर प्रश्न थायरॉइडचा होता. म्हणून फिल्म स्वतः बघायची.

फक्त यासाठी म्हणून प्रत्येकाचा सीटी काढा असं मी म्हणणार नाही, उगाच खर्च आणि रेडिएशन.

नस सापडली म्हणजे धोका संपला ना?

इथेच चांगले चांगले फसतात. ही नस बऱ्याच लोकांत स्वरयंत्रात शिरायच्या आधीच दोन फांद्यांत फुटते, कधी जास्तही. तीनात एकाला तरी असतं असं धरून चाला, काही अभ्यासांत निम्म्याहून जास्त. म्हणजे हे व्हेरिएशन म्हणावं की हेच नॉर्मल म्हणावं असा प्रश्न पडतो. स्वरपट्टी हलवणारे तंतू बहुतांशी पुढच्या फांदीत असतात. आता सर्जनला मागची जाड फांदी आधी दिसली, त्याला वाटलं झालं, नस मिळाली, आणि पुढची बारीक फांदी कॉटरीखाली (रक्त थांबवायला विजेने जाळायचं हत्यार) गेली तर नस "वाचवूनही" आवाज जातो. पेशंटला सांगतात नस डोळ्यांनी बघितली, जपली, तरी असं का झालं कळत नाही, आणि ते खोटं बोलत नसतात.

ही फूट बहुतेक वेळा शेवटच्या दोनेक सेंटिमीटरमध्ये असते, जिथे थायरॉइड श्वासनलिकेला घट्ट चिकटलेली असते. त्या चिकटलेल्या भागाला बेरीचं लिगामेंट म्हणतात. तिथेच बारीक रक्तस्राव होतो, तिथेच कॉटरी लावायचा मोह होतो, आणि ग्रंथी पुढे ओढली की नसही ताणली जाते. अख्ख्या ऑपरेशनमधली सगळ्यात संथ दहा मिनिटं इथली असावीत असं माझं मत आहे.

खालच्या थायरॉइड आर्टरीशी हिचं नातंही ठरलेलं नाही. कुणात आर्टरीच्या मागून, कुणात पुढून, कुणात फांद्यांच्या मधून, आणि त्याच माणसाच्या दोन बाजूही सारख्या असतील असं नाही. डावीकडे मागून होती म्हणून उजवीकडेही मागूनच असेल हे गृहीत धरलं की गेम झाला. गलगंड मोठा असेल तर तो नसेला ढकलून कुठल्या कुठे नेतो, कधी कधी नस गाठीच्या पुढच्या अंगावर ताणलेली सापडते, जिथे ती असू शकते हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

मी गाणं शिकते. साधं बोलणं ठीक राहील म्हणतात, पण वरचे सूर?

हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत, कारण संमतीपत्रावर बहुतेक वेळा एकाच नसेचं नाव असतं. स्वरयंत्राला वरून येणारी दुसरी एक नस आहे, सुपिरियर लॅरिंजियल, आणि तिची बाहेरची फांदी स्वरपट्टी ताणणाऱ्या स्नायूला जाते. तंबोऱ्याची खुंटी पिळल्यावर तार चढते तसं काम. ही गेली तर बोलणं जवळजवळ नेहमीसारखं राहतं, पण तार सप्तकात आवाज पोचत नाही, लांबून हाक मारता येत नाही, संध्याकाळपर्यंत घसा थकतो. शिक्षक, कीर्तनकार, भाजीवाले, सगळ्यांनाच फटका, पण तक्रार करायला शब्द सापडत नाहीत आणि तपासणीत स्वरपट्टी हलताना दिसते म्हणून "सगळं नॉर्मल" लिहून घरी पाठवतात.

हिचा रस्ता प्रत्येकात वेगळा आणि त्याचं वर्गीकरण ब्राझीलच्या सर्निआने १९९२ मध्ये मांडलं, ते आजही वापरात आहे. थायरॉइडच्या वरच्या टोकापासून नस १ सेंटिमीटरपेक्षा वर रक्तवाहिन्यांना ओलांडत असेल तर पहिला प्रकार, त्यात धोका कमी. १ सेंटिमीटरच्या आत ओलांडत असेल तर दुसऱ्यातला अ, आणि वरच्या टोकाच्याही खाली उतरून ओलांडत असेल तर दुसऱ्यातला ब. हा ब म्हणजे रक्तवाहिन्यांचा जुडगा एकत्र बांधला की नस त्यात आलीच. मोठ्या गलगंडात हा ब जास्त भेटतो, कारण ग्रंथीचं टोकच वर चढलेलं असतं. म्हणून जुडगा एकदम न बांधता एकेक रक्तवाहिनी, ग्रंथीला अगदी चिकटून, वेगवेगळी बांधायची.

गॅली-कुर्ची नावाच्या इटालियन ऑपेरा गायिकेची गोष्ट प्रत्येक सर्जरीच्या लेक्चरमध्ये ऐकवतात, १९३५ मध्ये शिकागोत तिचा गलगंड काढला आणि या नसेमुळे तिचा आवाज गेला म्हणून. पुढे २००१ मध्ये दोन सर्जननी जुन्या नोंदी चाळून दाखवलं की त्या गोष्टीला पुरावा फारसा नाही, आवाज आधीपासूनच उतरणीला होता. गोष्ट तरी लेक्चरमधून गेली नाही ती नाहीच.

तुम्ही गात असाल तर ते सर्जनला आधी सांगा, "थोडंफार" वगैरे लाजून नको, आणि ऑपरेशनच्या आधी मोबाइलवर तिन्ही सप्तकांत आवाज रेकॉर्ड करून ठेवा. नंतर तुलना करायला दुसरं काही नसतं.

नर्व्ह मॉनिटर मशीन लावतात म्हणे. त्याचे पैसे वेगळे. लावावं का?

श्वासासाठी घशात जी नळी घालतात तिच्यावर इलेक्ट्रोड असतात, ते स्वरपट्ट्यांना टेकतात. सर्जन आत एका काडीने बारीक करंट देतो, साधारण १ मिलिअँपिअर, नस असेल तर स्वरपट्टी हलते, मशीन आवाज करतं आणि स्क्रीनवर लाट दिसते. १०० मायक्रोव्होल्टच्या खाली लाट गेली तर सिग्नल गेला असं धरतात. भूलतज्ज्ञाला आधी सांगून ठेवावं लागतं, कारण स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर राहिला तर मशीन मुकं होतं आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

मशीनमुळे नस जाण्याचं प्रमाण खूप कमी होतं असं ठामपणे दाखवता आलेलं नाही, अनुभवी हातात डोळ्यांनी नस शोधणं जवळपास तेवढंच काम करतं. तरी दोन फायदे मला पटतात. एक म्हणजे नॉन-रिकरंट ओळखायला. व्हेगसला वर करंट दिला तर सिग्नल येतो, खाली दिला तर येत नाही, म्हणजे फांदी मध्येच वर निघून गेली, काही कापायच्या आधी उत्तर मिळालं. दुसरा फायदा, दोन्ही बाजू काढायच्या असतील आणि पहिल्या बाजूला सिग्नल गेला, तर तिथेच थांबून दुसरी बाजू काही आठवड्यांनी करता येते. दोन्ही नसा एकदम गेल्या तर आवाजाचं राहू द्या, श्वासच अडकतो, घशाला भोक पाडून नळी ठेवायची वेळ येते. तेव्हा एकाच बाजूचं साधं ऑपरेशन असेल तर मी आग्रह धरणार नाही, दुसऱ्यांदा उघडायची मान असेल, कॅन्सर असेल, दोन्ही बाजू असतील किंवा आवाजावर पोट असेल तर लावा.

नस शोधूच नये, लांबून काम करावं, म्हणजे धक्का लागणार नाही, असं आमचे एक नातेवाईक डॉक्टर म्हणतात.

जुन्या काळी तसंच करायचे, अगदी मोठमोठे लोक. स्विस सर्जन थिओडोर कोखरला थायरॉइडच्या कामासाठी १९०९ चं नोबेल मिळालं, त्या काळात नसेचा इलाका टाळणं हेच शहाणपण समजायचे, पाठीमागचा ग्रंथीचा तुकडा ठेवून द्यायचे. १९३८ मध्ये बोस्टनच्या फ्रँक लाहीने दरवेळी नस शोधून उघडी करायची पद्धत मांडली आणि त्याने दुखापती वाढल्या नाहीत, कमी झाल्या. ज्या गोष्टीचा रस्ता ठरलेला नाही तिच्यापासून लांब राहायचं म्हणजे नेमकं कुठून लांब राहायचं, एवढं त्या नातेवाइकांना विचारा.

ऑपरेशननंतर आवाज बसलाय. डॉक्टरांनी नस कापली का?

कापलीच असेल असं नाही. भुलीच्या नळीनेही दोन-चार दिवस घसा बसतो. नस शाबूत असून ताणाने किंवा उष्णतेने बधिर झालेली असू शकते, आणि अशी नस आठवड्यांत-महिन्यांत परत येते. अनुभवी हातात कायमची दुखापत साधारण १ ते २ टक्के, तात्पुरती त्याच्या कितीतरी पट. म्हणून सहा महिने ते वर्षभर वाट बघायची पद्धत आहे. पण वाट बघायची म्हणजे हात बांधून नाही. दुर्बिणीने स्वरपट्टी बघून घ्या, तेही ऑपरेशनच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, कारण काहींची पट्टी गाठीमुळे आधीच बंद असते आणि खापर मात्र ऑपरेशनवर फुटतं. पाणी पिताना ठसका लागत असेल तर लवकर सांगा. स्पीच थेरपी लगेच सुरू होते, पट्टी इंजेक्शनने फुगवून मध्ये आणता येते, नाहीतर छोटं ऑपरेशन करून मध्ये सरकवता येते.

आणि कापली गेलीच, आत असतानाच लक्षात आलं, तर तिथेच जोडता येते. मानेत अॅन्सा सर्व्हायकॅलिस नावाचा नसेचा फास असतो, गळ्याच्या पट्टीसारख्या स्नायूंना जाणारा, त्याची फांदी उधार घेऊन आवाजाच्या नसेला जोडतात. पट्टी आधीसारखी हलत नाही पण तिच्यात जोर येतो, आवाज भरतो. गंमत अशी की हा फासही माणसागणिक वेगळा, कुणाचा लांब खाली लोंबतो, कुणाचा आखूड वरच, कुणात व्हेगसलाच जाऊन मिळालेला. उधारी मागायला जावं तर सावकाराचा पत्ताच बदललेला.

चूक झाली की नाही हे नंतर ठरवता येतं ते ऑपरेशन नोटवरून. "नस शोधली, ओळखली, अमुक बाजूला दोन फांद्या होत्या" असं लिहिलेलं असेल तर ते दोघांच्याही भल्याचं. नुसतं "नस जपली" असं छापील वाक्य प्रत्येक नोटमध्ये सापडतं, त्याला काही अर्थ नाही.

वडिलांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आहे, मान पण साफ करणार म्हणतात. तिथे कुठल्या नसा?

महाराष्ट्रात हा प्रश्न थायरॉइडपेक्षाही जास्त येतो. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तंबाखू-चुना आणि मशेरी तशीच चालू आहे, आणि गालाचा, जिभेचा कॅन्सर मानेतल्या गाठींमध्ये उतरतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या टीमने २०१५ मध्ये दाखवलं की गाठ हाताला लागत नसली तरी पहिल्याच ऑपरेशनमध्ये मान साफ केली, म्हणजे मानेतल्या गाठी काढून टाकल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट जिवंत होते, गाठ दिसेपर्यंत थांबलं तर ६७.५ टक्के. म्हणजे आता मान जास्त लोकांची उघडली जाते, आणि म्हणूनच नसांचा विषय जास्त महत्त्वाचा झालाय.

इथली मुख्य नस म्हणजे स्पायनल अॅक्सेसरी, खांदा उचलणाऱ्या ट्रॅपिझियस स्नायूची. १९०६ मध्ये अमेरिकन सर्जन क्राइलने मान साफ करायची पद्धत मांडली त्यात ही नस, जग्युलर व्हेन (डोक्यातलं रक्त परत आणणारी मानेतली मोठी रक्तवाहिनी) आणि मानेचा मोठा स्नायू सगळंच काढून टाकायचे. कॅन्सर गेला तरी खांदा कायमचा लोंबायचा, हात डोक्यावर जायचा नाही, शर्ट घालताना दुसऱ्याची मदत. पुढे अर्जेंटिनाच्या सुआरेझने दाखवलं की पडद्यापडद्याने गेलं तर हे सगळं वाचवता येतं.

वाचवायचं तर आधी सापडली पाहिजे. बहुतेकांत ती जग्युलर व्हेनच्या वरून ओलांडते, काहींत खालून जाते, आणि क्वचित चक्क व्हेनला खिडकी असते आणि नस तिच्या मधून जाते. खालून जाणारी असेल आणि सर्जन वरूनच शोधत राहिला तर नस सापडेपर्यंत व्हेन फाटायची भीती, आणि मानेत व्हेन फाटली की तिथे मग कुणाला नस आठवत नाही.

नस वाचली तरी काही आठवडे खांदा दुखतो, कारण ती उघडी करताना हलवलेली असते. फिजिओथेरपी जखम भरायची वाट बघत थांबवू नका, डॉक्टरांनी हो म्हटलं की सुरू.

मानेच्या बाजूची छोटी गाठ, दहा मिनिटांचं काम म्हणाले. त्यात कसली नस?

सगळ्यात जास्त काळजी मला याच ऑपरेशनची वाटते. आपल्याकडे टीबीच्या गाठी, जुनी माणसं गंडमाळ म्हणतात त्या, मानेच्या मागच्या त्रिकोणात भरपूर येतात, आणि तिथेच ही खांद्याची नस कातडीच्या अगदी खाली असते. तेवढाच भाग बधिर करून, लहान चिरा देऊन, कमी उजेडात गाठ ओढून काढली की नस गाठीला चिकटून बाहेर येऊ शकते. पेशंट महिन्याभराने खांदा उतरला म्हणून येतो, आणि गाठीशी त्याचा संबंध कुणी लावत नाही. मागच्या त्रिकोणात नस कुठून निघते, किती फांद्या घेऊन जाते, गळ्याच्या इतर नसांशी कुठे जुळते हे सगळं बदलतं, कानाच्या पाळीला जाणारी नस जिथे स्नायूला वळसा घालते तिच्या साधारण १ सेंटिमीटर वर ती सापडते हा अंदाज, खात्री नाही.

तेव्हा आधी सुईची तपासणी आणि टीबीची जीन टेस्ट, त्यात निदान झालं तर चिरायची गरजच नाही. चिरायचंच असेल तर ऑपरेशन थिएटरात, नीट उजेडात.

जबड्याखालची गाठ काढल्यावर हसताना ओठ वाकडा होतो. का?

खालचा ओठ खाली ओढणारी फेशियल नर्व्हची फांदी. १९६२ मध्ये डिंगमन आणि ग्रॅब यांनी डिसेक्शन, म्हणजे मृतदेहांची चिरफाड, करून मोजलं, चेहऱ्याच्या आर्टरीच्या मागच्या भागात ही फांदी ८१ टक्क्यांत जबड्याच्या कडेच्या वर होती आणि १९ टक्क्यांत खाली, १ सेंटिमीटरच्या आत. म्हणून चिरा जबड्यापासून दोन बोटं खाली देतात, पेशंटला वाटतं डॉक्टरने चुकीच्या जागी कापलं. बऱ्याचदा ओठ काही महिन्यांत सरळ होतो.

कानाची पाळी सुन्न झालीये, कुडी घालताना कळत नाही.

ग्रेट ऑरिक्युलर नस, पॅरोटिडच्या (कानापुढच्या लाळग्रंथीच्या) ऑपरेशनमध्ये रस्त्यातच येते. मागची फांदी जपता आली तर सुन्नपणा कमी राहतो. वर्षभरात सुन्न भाग लहान होत जातो. तोवर कुडी आरशात बघून घाला.

खांद्याच्या ऑपरेशनला मानेत इंजेक्शन देऊन हात बधिर केला आणि दम लागला. हे काय?

मानेतल्या स्नायूच्या अंगावरून फ्रेनिक नर्व्ह खाली डायफ्रॅमला जाते, म्हणजे श्वासाच्या मुख्य स्नायूला. हाताच्या नसा तिच्या शेजारीच. नेहमीच्या मात्रेत औषध दिलं तर त्या बाजूचा डायफ्रॅम जवळजवळ प्रत्येकाचाच काही तास थांबतो, फुफ्फुसाची क्षमता २५ ते ३० टक्के कमी होते, धडधाकट माणसाला कळतही नाही, दम्याच्या किंवा खूप वजन असलेल्या माणसाला कळतं. काहींना जोडीला एक जादा फ्रेनिकही असते, हाताच्या नसांमधून निघणारी आणि आणखी बाहेरून खाली उतरणारी. हाताच्या नसांची मुळंही पुस्तकाप्रमाणे दोन स्नायूंच्या फटीत असतीलच असं नाही, वरची मुळं कधी पुढच्या स्नायूला भोसकून किंवा त्याच्या पुढून जातात. आधी सुई अंदाजाने घालायचे तेव्हा काहींना ब्लॉक, म्हणजे हे बधिर करणारं इंजेक्शन, लागायचाच नाही आणि दोष औषधाच्या बॅचला जायचा. आता सोनोग्राफी लावून टोचतात, औषधही कमी लागतं.

माझ्यात असं काही निघालं तर मुलांना तपासायचं का?

नाही. फक्त तुमच्या फाइलमध्ये ठळक लिहून घ्या आणि ती फाइल फेकू नका, कारण दुसऱ्यांदा तीच मान उघडायची वेळ आली तर त्या एका ओळीचं मोल कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त.

सर, डिसेक्शनमध्ये आम्हाला व्हेरिएशन सापडलं तर काय करायचं?

पहिलं म्हणजे हात थांबवा. साफ करायच्या नादात अर्धी व्हेरिएशन्स डब्यात जातात. डेमॉन्स्ट्रेटरला बोलवा, परवानगी असेल तरच फोटो, आणि नस कुठून निघाली, कुठे गेली, शेजारी आर्टरी कशी आहे हे तिथल्या तिथे लिहा.

आमच्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगतो. देहदानातून आलेले एक आजोबा आमच्या टेबलवर होते, उजवी मान माझ्याकडे. मला खाचेत नस काही सापडेना, आणि एक आडवी दोरी सारखी फोर्सेपला अडकत होती, मी ती पडदा समजून कापली आणि खाली नस शोधत राहिलो. तास संपत आला तेव्हा सर आले, माझं रिकामं खाचेतलं खोदकाम बघितलं, काही बोलले नाहीत, बोट अन्ननलिकेच्या मागे घातलं आणि तिथून एक जाडजूड आर्टरी वर काढून दाखवली. मग विचारलं, "आडवं काही कापलंस का?"

दोन्ही टोकं शोधून आम्ही काळ्या दोऱ्याने बांधली. टेबलनंबर, तारीख, टोकांमधलं अंतर सगळं कार्डावर लिहून म्युझियमला दिलं, आणि आठवड्याने क्युरेटरने कार्ड परत पाठवलं, कारण बाजू उजवी की डावी ते लिहायचं राहिलं होतं.